दुसरा फ्लॅट घेताय? आधी कॅल्क्युलेटर काढा!

बँकेचा ‘प्री-अप्रूव्ह्ड’ मेसेज, हायवेवरचं भलंमोठं होर्डिंग आणि शेजारच्या डेस्कवरच्या मित्राने वाटलेले पेढे. गुंतवणुकीचा किडा वळवळायला एवढं पुरतं. पण घरमालक होणं म्हणजे नुसतं दर महिन्याला भाडं मोजणं नव्हे. त्यात टॅक्स आहे, भाडेकरू आहे, सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि वीस वर्षांचा ईएमआयही आहे.

तिशी जवळ आली, पगार बऱ्यापैकी स्थिरावला, की ऑफिसच्या कॅन्टीनमधले विषय बदलतात. कालपर्यंत बाइक आणि ट्रेक यावर बोलणारी मंडळी अचानक ‘कार्पेट किती?’, ‘पझेशन कधी?’ असं विचारायला लागतात. राहायला एक घर असतं, निदान आईबाबांचं तरी. मग कुणीतरी अगदी विश्वासाने सांगतं, “अरे, दुसरा फ्लॅट घेऊन टाक. भाड्यात हप्ता निघतो, टॅक्स वाचतो आणि जागेचे भाव काय, वाढतातच!”

एका वाक्यात तीन दावे. तिन्ही पूर्ण खोटे नाहीत, पण तिन्ही पूर्ण खरेही नाहीत. आणि त्यांच्या जिवावर आपण आयुष्यातलं सगळ्यात मोठं कर्ज काढत असतो. म्हणूनच सॅम्पल फ्लॅटचा गुळगुळीत सोफा डोळ्यांत भरायच्या आधी थोडा हिशोब मांडू या.

हप्ता भाड्यात निघतो?

समजा, पुण्याच्या आयटी पट्ट्यात तुम्ही ७० लाखांचा तयार टू बीएचके घेतला. आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या भागातले घालून हाच हिशोब तुम्हालाही करता येईल.

पुण्यात स्टॅम्प ड्युटी आणि त्यावरचे अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. रजिस्ट्रेशनचे ३० हजार. झाले ७५ लाख २० हजार. (खरेदीदार महिला असेल तर महाराष्ट्रात ड्युटीत १ टक्क्याची सवलत आहे. बायकोच्या, आईच्या किंवा बहिणीच्या नावावर घर घेण्याचा विषय घरात निघतो तो बहुतेक वेळा यामुळेच!) फ्लॅट बांधकाम चालू असलेल्या इमारतीत असेल तर साधारण ५ टक्के जीएसटी वेगळा. कम्प्लीशन सर्टिफिकेट मिळालेल्या तयार घरावर मात्र जीएसटी नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच पैसे देऊ शकते. म्हणजे इथे ५६ लाख. स्टॅम्प ड्युटीही तुमचीच. घराच्या दारात पाऊल टाकण्याआधी खिशातून १९ लाख २० हजार गेलेले असतात. एजंटचं कमिशन आणि पंखे-गीझर-ग्रिल यांचा खर्च अजून धरलेलाच नाही.

५६ लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं. ईएमआय येतो साधारण ४८,६०० रुपये. वर्षाचे ५ लाख ८३ हजार.

आता भाडं. महिन्याला २२ हजार मिळतात असं धरू. वर्षातला एक महिना फ्लॅट रिकामा जातो, कारण जुना भाडेकरू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी नवा बॅगा घेऊन उभा नसतो. हातात आले २ लाख ४२ हजार. त्यातून घरपट्टी १४ हजार, सोसायटीचा मेंटेनन्स ३० हजार, रंगकाम-प्लंबर-एजंट मिळून १२ हजार. उरले १ लाख ८६ हजार.

वर्षाचा हप्ता ५ लाख ८३ हजार आणि भाड्यातून उरलेले १ लाख ८६ हजार. फरक ३ लाख ९७ हजार, म्हणजे महिन्याला ३३ हजार तुमच्या पगारातून. ‘भाड्यात हप्ता निघतो’ हे वाक्य इथेच आडवं होतं. एकूण गुंतवणुकीवर भाड्याचा निव्वळ परतावा पडतो अडीच टक्क्यांच्या आसपास, आणि कर्जाचं व्याज साडेआठ टक्के.

मग लोक घेतात कशाला? तर भाव वाढतील या आशेवर. ठीक आहे, तीही आशा मोजू. पाच वर्षांत तुमचे सुरुवातीचे १९ लाख आणि दरवर्षीचे ४ लाख मिळून साधारण ३९ लाख गेलेले असतील. तरीही कर्ज शिल्लक असेल ४९ लाखांहून जास्त, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचाच वाटा मोठा असतो. म्हणजे सहाव्या वर्षी फ्लॅट ८८ लाखांच्या वर विकला गेला तर तुमचे पैसे जेमतेम परत आले. ७० चे ८८ लाख म्हणजे दरवर्षी पावणेपाच टक्क्यांहून थोडी जास्त वाढ, तीही न चुकता. दरवर्षी भाडं थोडं वाढलं तर हा आकडा जरा खाली येईल. एखादं वर्ष भाडेकरू नीट मिळाला नाही तर वर जाईल. कमाई सुरू होते ती यानंतर.

टॅक्स खरंच वाचतो?

भाड्याच्या उत्पन्नाचा टॅक्स तसा सोपा आहे. मिळालेल्या भाड्यातून तुम्ही भरलेली घरपट्टी वजा करा. उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. तुम्ही दुरुस्तीवर एक रुपया खर्च करा किंवा लाख, वजावट तेवढीच. मेंटेनन्स, रंगकाम, एजंटची फी यांना वेगळी वजावट नाही, सगळं त्या ३० टक्क्यांत आलं. त्यानंतर कर्जाचं व्याज वजा होतं.

आपल्या उदाहरणात २ लाख ४२ हजारांतून घरपट्टी गेली, राहिले २ लाख २८ हजार. ३० टक्के गेले, राहिले १ लाख ५९ हजार ६००. पहिल्या वर्षाचं व्याज जवळपास ४ लाख ७२ हजार. म्हणजे कागदावर ३ लाख १२ हजारांचा तोटा.

या तोट्याचं काय होतं, इथे खरी मेख आहे. जुनी करप्रणाली घेतली असेल तर त्यातले २ लाख पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतात. ही २ लाखांची मर्यादा २०१७-१८ पासून आहे. त्याआधी भाड्याने दिलेल्या घरावरचा सगळा तोटा पगारातून वजा व्हायचा. ‘दुसरं घर म्हणजे टॅक्स सेव्हिंग’ ही कीर्ती त्या काळातली! उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण तो फक्त घराच्या उत्पन्नातूनच वजा होतो. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेस धरून वर्षाला ६२,४०० रुपये वाचले. खिशातून गेलेल्या ३ लाख ९७ हजारांसमोर हा दिलासा आहे, लॉटरी नाही.

नव्या करप्रणालीत मात्र गोष्टच वेगळी. भाड्यातून व्याज वजा होतं, त्यामुळे भाड्यावर टॅक्स लागत नाही. पण तोटा पगारातून वजा करता येत नाही. २०२३-२४ पासून ही प्रणाली आपोआप लागू होते, जुनी हवी तर ती निवडावी लागते. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या, आणि पगारदारांना स्टँडर्ड डिडक्शन धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य झाला. त्यामुळे अनेक तरुण पगारदारांसाठी नवीच प्रणाली फायद्याची ठरते. अशांसाठी दुसऱ्या फ्लॅटने वाचणारा टॅक्स किती? शून्य.

नवरा-बायको दोघं सहमालक आणि सहकर्जदार असतील तर जुन्या प्रणालीत प्रत्येकाला २ लाखांची वेगळी मर्यादा मिळते. पण त्यासाठी दोघांचं नाव ॲग्रीमेंटवर हवं आणि हप्त्यातला वाटाही दोघांच्या अकाउंटवरून गेलेला दिसायला हवा.

आणि भाडं रोखीत घेऊन दडवायचा विचार असेल, तर तो सोडाच. एचआरएची सवलत घेणाऱ्या भाडेकरूचं वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं, की तो ऑफिसला तुमचा पॅन देतो. भाडं महिन्याला ५० हजारांहून जास्त असेल तर भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो. हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के झाला, त्याआधी ५ होता. घरमालक परदेशात स्थायिक असेल तर नियम आणखी कडक. तिथे ५० हजारांची मर्यादा नाही आणि टीडीएस ३० टक्के अधिक सेस. बे एरियात किंवा दुबईत राहून कोथरूड-ठाण्याचा फ्लॅट भाड्याने देणाऱ्या मंडळींनी आणि मुख्य म्हणजे त्यांच्या भाडेकरूंनी हे लक्षात ठेवायला हवं. कारण टीडीएस कापला नाही तर नोटीस भाडेकरूला येते.

भाडेकरूची एवढी भीती का?

‘भाडेकरू ठेवलास तर घर गेलंच समज,’ असं म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतात. त्यांना हसू नका. त्यांच्या भीतीला इतिहास आहे.

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. भाडेकरूला पिढ्यान्‌पिढ्या संरक्षण मिळालं, मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि चाळी खचत गेल्या. वरून पागडीचा व्यवहार फोफावला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक लीव्ह अँड लायसन्सवर घरात राहत होते, त्यांनाही कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. थोडक्यात, तात्पुरता आलेला माणूस कायमचा झाला. मुंबईत कित्येक मालकांनी घरं रिकामी ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत, ती या धास्तीने. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

या कायद्यात आजच्या छोट्या घरमालकासाठी दोन कामाच्या गोष्टी आहेत. पहिली, करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर वादाच्या वेळी करारातल्या अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसरी, लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावरही माणूस घर सोडत नसेल तर वर्षानुवर्षं दिवाणी कोर्टात न खेटता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येतं.

‘अकरा महिन्यांचा करार आहे, रजिस्टर कशाला करायचा?’ हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून मोठ्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती आहे, त्यातून अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात ती चालत नाही. इथे करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, नोंदणी लागतेच.

आणि खर्च तरी किती? मुदतीतलं एकूण भाडं अधिक परत द्यायच्या डिपॉझिटचे वर्षाला १० टक्के, या बेरजेच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी. २२ हजार भाडं, १ लाख डिपॉझिट आणि एक वर्षाचा करार असेल तर ही रक्कम ७०० रुपयांच्या आत बसते. शहरी भागात नोंदणी फी १ हजार रुपये. दोघांनी मिळून एका वीकेंडला बाहेर जेवण्याइतका खर्च! हे काम ऑनलाइन होतं, एजंट बायोमेट्रिक मशीन घेऊन घरी येतो. एवढ्यासाठी ७० लाखांचा फ्लॅट पणाला लावायचा?

करारात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. लॉक-इन किती महिने, नोटीस किती, दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढणार आणि डिपॉझिटमधून नेमकं काय कापता येईल. पंखे, गीझर, मॉड्युलर किचन यांची यादी फोटोंसकट करारासोबत ठेवा. घर सोडताना होणारी निम्मी भांडणं खिळ्यांच्या भोकांवरून आणि रंगावरून होतात!

सेक्रेटरी नावाचं प्रकरण

भाडेकरू मिळाला, करार झाला, आता सोसायटी. फ्लॅट भाड्याने दिल्यावर सोसायटी ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस’ लावते. पूर्वी सोसायट्या मनाला येईल तो आकडा लावायच्या. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने त्यावर लगाम बसला. हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि त्या हिशोबात महापालिकेचे कर धरायचे नसतात. तुमच्या बिलात याहून मोठा आकडा असेल तर लेखी विचारा. तोंडी वाद घालून फक्त लिफ्टमधलं बोलणं बंद होतं.

घरपट्टीचंही बघा. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकांना घरपट्टीत ४० टक्के सवलत देते. २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. फ्लॅट भाड्याने दिला की ही सवलत जाते. हिशोब करताना आईबाबांच्या घराचं बिल समोर ठेवून अंदाज बांधू नका.

राहिला प्रश्न बॅचलर्सचा. ‘ओन्ली फॅमिली’ची पाटी बघून तुम्हीही कधीतरी उन्हात वणवण केली असेल. आता खुर्ची बदलली म्हणून विसरू नका. पगार नियमित असलेले, ऑफिसचं आयकार्ड दाखवणारे, पोलिस व्हेरिफिकेशनला तयार असलेले तिघे जण हे घर सांभाळणारे उत्तम भाडेकरू असू शकतात. आडनाव, जेवण, लग्न झालंय की नाही यावरून माणूस पारखण्यापेक्षा आधीच्या घरमालकाला एक फोन केलेला बरा. महिनाभर ‘चांगल्या फॅमिली’ची वाट पाहणं म्हणजे २२ हजारांचं पाणी सोडणं.

विकताना किती उरेल?

घर विकलं की नफ्यावर कर. घर दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलं असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दर आहे, पण महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची, म्हणजे इंडेक्सेशनची सोय गेली. या तारखेआधी घेतलेलं घर असेल तर देशात राहणाऱ्या व्यक्तीला जुन्या पद्धतीने, इंडेक्सेशनसह २० टक्क्यांनी हिशोब करून दोन्हींतला कमी कर भरता येतो. दोन वर्षांच्या आत विकलं तर नफा थेट तुमच्या उत्पन्नात, तुमच्या स्लॅबने.

स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनचा खर्च खरेदी किमतीत धरता येतो, म्हणून त्या पावत्या जपून ठेवा. व्याजाची वजावट आधीच घेतली असेल तर तेच व्याज पुन्हा खरेदी किमतीत मिळवता येत नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पाने ती फट बुजवली. जुन्या प्रणालीत मुद्दलाच्या परतफेडीवर वजावट घेतली असेल आणि पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर ती वजावट परत उत्पन्नात येऊन बसते.

कर टाळायचे कायदेशीर रस्ते दोन. नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घ्या किंवा तीन वर्षांत बांधा. नाहीतर सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी बॉंडमध्ये ५० लाखांपर्यंत रक्कम पाच वर्षांसाठी अडकवा. आणखी एक, १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा प्राप्तिकर कायदा २०२५ आला. कलमांचे क्रमांक बदलले. त्यामुळे जुन्या पुस्तकातलं कलम सीएला ऐकवण्याआधी नवं बघून घ्या.

मग घ्यायचा की नाही?

सरसकट ‘नको’ म्हणायला आम्ही काही तुमचे काका नाही. दुसरं घर काही जणांना खरंच शोभतं. ज्यांच्यावर पहिल्या घराचं कर्ज नाही किंवा थोडंच उरलंय. ज्यांना निम्म्याहून जास्त रक्कम स्वतःची घालता येते. ज्यांना दहा-बारा वर्षं पैसे काढायची गरज नाही. आणि ज्यांच्याकडे भाडं न येताही सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवलेले आहेत. कारण आयटीत कपात होते तेव्हा मोठी पंचाईत होते. तुमची नोकरी जाते त्याच महिन्यात त्याच पट्ट्यात काम करणारा तुमचा भाडेकरूही घर सोडू शकतो. फ्लॅट, भाडेकरू आणि पगार तिन्ही एकाच आयटी पार्कच्या भरवशावर असणं ही गुंतवणुकीतली मोठी जोखीम. ती कुठल्याच ब्रोशरमध्ये छापलेली नसते.

आपलं उदाहरण थोडं बदलून बघा. तोच फ्लॅट, पण कर्ज २० लाखांचं. ईएमआय साडेसतरा हजारांच्या आत येतो. खर्च जाऊन महिन्याला साडेपंधरा हजार भाडं उरतं, म्हणजे पगारातून दोन हजारही जात नाहीत. नोकरी गेली तरी रात्रीची झोप उडत नाही. फ्लॅटच्या भिंती त्याच, बदललं ते फक्त कर्ज.

आणि जागेतच पैसे घालायचे पण एवढं ओझं नको असेल, तर शेअर बाजारात नोंदलेल्या ‘रीट’चा पर्यायही आहे. २०१९ मध्ये देशातला पहिला रीट बाजारात आला. ऑफिस इमारती आणि मॉलच्या भाड्यातला वाटा त्यातून मिळतो. भाव वरखाली होतात, पण नळ गळतोय म्हणून रविवारी सकाळी कुणाचा फोन येत नाही.

सही करण्याआधी

• प्रकल्प महारेरावर नोंदलेला आहे का, पझेशनची तारीख काय, हे स्वतः वेबसाइटवर बघा. एजंटच्या फॉरवर्डवर जाऊ नका.
• तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मागा. ‘येतंच आहे’ हे उत्तर धरू नका.
• भाव कार्पेट एरियावर मोजा.
• त्याच इमारतीत किती फ्लॅट रिकामे आहेत ते वॉचमनला विचारा. भाड्याचा खरा आकडा त्यालाच ठाऊक असतो.
• जुनी आणि नवी, दोन्ही करप्रणालींत हिशोब करून बघा. वाचणारा टॅक्स शून्य धरूनही व्यवहार जमतो का?
• व्याजदर १ टक्क्याने वाढला तर हप्ता झेपेल का? बहुतेक नवी कर्जं रेपो रेटला जोडलेली असतात. दर बदलतो तो तुम्हाला विचारून नाही.

या सहा प्रश्नांची उत्तरं कागदावर नीट उतरली, तर बिनधास्त टोकन द्या. उतरत नसतील तर सॅम्पल फ्लॅटमधली कॉफी प्या, ब्रोशर घ्या आणि घरी या. होर्डिंगवरची ‘शेवटचे तीन फ्लॅट्स’ ही पाटी पुढच्या महिन्यातही तिथेच असते.